बसवाल्या बाईंचा झरा

माझं लग्न ठरलं तेव्हा एक मैत्रीण मला म्हणाली, "सासू कोण आहे माहीत आहे ना? बसवाल्या बाई! सांभाळून राहा गं बाई."

ती स्वतः लहानपणी सासूबाईंच्याच बसने शाळेत जायची. एकदा खिडकीबाहेर हात काढला म्हणून सासूबाईंनी भर रस्त्यात बस थांबवली आणि तो हात आत घेईपर्यंत चाक हलवलं नव्हतं. गावातल्या निम्म्या लोकांकडे असला एखादा किस्सा होताच. बँकेतला साहेब असो, चौकातला पोलीस असो, सासूबाई समोरून आल्या की त्यांचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे आणि पाठ सरळ व्हायची. इतकी वर्षं शाळेची बस चालवली, पण कुणाच्या अंगाला ओरखडा म्हणून आला नाही. त्यामुळे त्यांचं बोलणं लोक निमूट ऐकून घेत. निदान तोंडावर तरी.

त्या निवृत्त झाल्या. बस गेली, पण चाकाची सवय काही सुटली नाही. मग त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. तिचा सरकता दरवाजा कमरेने धक्का दिल्याशिवाय लागत नसे. दर रविवारी सकाळी ही व्हॅन घेऊन त्या डोंगराच्या रस्त्याला, झऱ्याचं पाणी आणायला जायच्या.

आमच्या गावाला नळाचं पाणी भरपूर आहे, पण ते इतकं जड की किटलीच्या तळाला पांढरं पापुद्र्यासारखं साठतं आणि साबणाला काही केल्या फेस येत नाही. पिण्यासाठी ज्याला जमेल तो झऱ्यावर जातो. ज्यांना जमत नाही ते शनिवारी संध्याकाळी आमच्या फाटकाशी रिकामे कॅन ठेवून जायचे. शिंपीणबाईंचे निळे, निवृत्त टपालवाल्यांचे पांढरे, कोपऱ्यावरच्या आजींची एकच बाटली. सासूबाई सगळे भरून आणायच्या आणि ज्याच्या त्याच्या दारात पोचवायच्या.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला हाक मारली. "चल, पाणी दाखवते."

वळणावर रस्त्याला लागूनच दगडी भिंत आणि भिंतीतून बाहेर आलेला एक लोखंडी पाइप. पाण्याची धार मनगटाएवढी, उन्हाळ्यातही न तुटणारी. खाली दगडाचं टाकं, त्यावर शेवाळ. बाजूला जेमतेम चार गाड्या लागतील एवढी जागा. आम्ही पोचलो तर रांगेत काहीतरी वादावादी चालू होती. सासूबाई व्हॅनमधून उतरल्या, दार कमरेने लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "ज्याची एक बाटली आहे तो पुढे. मोठे कॅनवाले मागे. आणि कॅनचं तोंड पाइपाला लावायचं नाही, लांबून भरायचं."

वाद मिटला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी ओंजळ धरली, पाणी प्यायल्या आणि मलाही प्यायला लावलं. दात शिवशिवले.

"कसं आहे?"

"छान आहे, आई."

"छान नाही. असं पाणी दुसरीकडे कुठे नाही. मी जबाबदारीने सांगते."

पाण्याची जबाबदारी त्यांना कुणी दिली होती, हे विचारण्याचं धाडस मला त्या दिवशी झालं नाही.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्चच्या शेवटी वाऱ्याचं मोठं वादळ झालं. छपरांचे पत्रे उडाले, डोंगराच्या रस्त्यावर झाडं पडली. रस्ता मोकळा झाल्यावर सासूबाई नेहमीप्रमाणे पाणी घेऊन आल्या. त्यानंतर तीन-चार दिवसांनी शिंपीणबाई दुकानात आल्या आणि जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाकीट मागितलं. त्यांची धाकटी मुलगी आजारी होती. दुपारी टपालवाले काका आले, तेही तेच मागायला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या आजींचा नातू आला. पाकीट देता देता माझा हात थांबला. हे सगळे आमच्याच फाटकाशी कॅन ठेवणारे. आणि आमच्याच घरी सासरेबुवा दोन दिवस पोट धरून बसले होते. त्याचं खापर आम्ही शिळ्या बटाट्यांवर फोडलं होतं.

दुकानाच्या मालकांना विचारलं, तर गल्लीबाहेरून कुणीच आलं नव्हतं.

हे सांगायचं कुणाला, तर सासूबाईंना! नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तूच सांग. मी सांगितलं तर मला अजून बसमधलं पोरच समजते."

घरी गेले तर सासूबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सुरी थांबली.

"माझ्या पाण्यामुळे?"

"नक्की माहीत नाही, आई. पण आजारी पडलेल्या सगळ्यांमध्ये तेवढी एकच गोष्ट सारखी आहे."

"मी पितेच आहे ना? मला काही झालं?"

"तुम्हाला कशानेच काही होत नाही."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. बाहेरच्या खोलीत घड्याळ उघडून बसलेले सासरेबुवा हसू दाबायला खोकले. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि दिवसाला चार वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी तेव्हा खर्च केलं. "सूनबाई खोटं कशाला बोलेल?"

भाजी तशीच ठेवून सासूबाई मागच्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ दगडावर बसून राहिल्या. मला वाटलं, आता चार दिवस अबोला. पण आत आल्या त्या पदर खोचूनच. "भरलेले कॅन किती उरलेत? सगळे अंगणात ओत. मी गल्लीत जाऊन येते."

त्या दारोदार गेल्या. मी मागे होते म्हणून ऐकलं. प्रत्येक दारात तेच. "पाण्याची शंका आहे. ओतून द्या. नळाचं उकळून प्या. मी आणून दिलं होतं, म्हणून मीच सांगायला आलेय." कुणी म्हणालं, अहो असं काही नसेल, हवा बदललीय. त्यावर त्या म्हणायच्या, "नसेल तर उत्तमच. तोवर उकळा."

शिंपीणबाईंच्या घराला कुलूप होतं. मुलीला दवाखान्यात नेलं होतं, सलाइन लावलं होतं. आम्ही तिथे गेलो. पोरगी उशीवर एवढीशी होऊन पडली होती. सासूबाईंनी शिंपीणबाईंना सरळ सांगितलं. त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे आणि म्हणाल्या, "बाई, आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाही."

"बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी बाहेर बाकावर बसते. काही आणायचं असेल तर सांगा."

आणि त्या खरंच अंधार पडेपर्यंत बाकावर बसून राहिल्या. काही आणायला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने डोळे उघडून बिस्कीट मागितलं, तेव्हा कुठे शिंपीणबाईंनी बाहेर येऊन मान हलवली.

पाणी तपासायला द्यायचं ठरलं. सासूबाई घरातली चांगली बाटली घासूनपुसून, भरून सरकारी प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. खिडकीतल्या मुलीने ती परत केली. "आमचीच निर्जंतुक बाटली लागते, आजी. परत जाऊन भरून आणा." ज्यांनी सगळ्या गावाला रांगेची शिस्त लावली, त्या मुकाट्याने पुन्हा डोंगर चढल्या आणि पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. अहवाल यायला काही दिवस लागले. आला तो वाईटच. पाण्यात घाण मिसळत होती.

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. सासरेबुवांनी त्यांच्यासमोर ताट सरकवलं, त्यांनी ते परत सरकवलं. मग म्हणाल्या, "मी जबाबदारीने सांगत होते. कशाच्या जोरावर सांगत होते?" सासरेबुवांनी ताट पुन्हा त्यांच्याकडे सरकवलं.

सकाळी आम्ही उठायच्या आत व्हॅन गेलेली. मी दुकानाला सुट्टी टाकून नवऱ्याची स्कूटर घेऊन मागोमाग गेले. झऱ्यापाशी बघते तर सासूबाई पाइपासमोर खुर्ची टाकून बसल्या आहेत आणि येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवताहेत. ज्या बाईने गावाला ह्या पाण्याची गोडी लावली, तीच आता म्हणत होती, पिऊ नका!

एक ट्रकवाला ऐकेना. दांडगा गडी, मिशा ह्या कानापासून त्या कानापर्यंत. "अहो, माझा बाप हे पाणी प्यायला, मी पितोय. तुम्ही कोण अडवणाऱ्या?"

सासूबाईंनी त्याला खालून वर बघितलं. "तू शेवटच्या सीटवर बसायचास. डबा उघडून दुसऱ्याचं खायचास."

गडी चपापला. "बाई? तुम्ही?"

"पाणी खराब झालंय. पोटात दुखायला लागलं तर एवढा ट्रक ह्या वळणावरून कोण उतरवणार? मला ट्रक चालवता येतो, पण आज वेळ नाही."

त्याने बाटली खाली ठेवली. एवढंच नाही, तर ट्रकमधला एक पुठ्ठा फाडून त्यावर "पाणी पिऊ नये" असं लिहिलं आणि पाइपाला बांधलं. आरोग्य खात्याचा रीतसर फलक लागायला मात्र आणखी आठवडा गेला.

"आता नक्की कुठे पाणी मुरतंय ते बघू," सासूबाई म्हणाल्या, आणि आम्ही दोघी आणि ट्रकवाला भिंतीच्या बाजूने वर चढलो. थोड्याच अंतरावर झुडपांत दगडी बांधणीची एक बुटकी टाकी होती. जमिनीतून फुटणारं पाणी आधी तिच्यात जमा होतं आणि तिथून पाइपात उतरतं. वादळात एक मोठं झाड नेमकं तिच्यावर आडवं झालं होतं. वरची फरशी मधोमध फुटलेली, एक बाजू खचलेली. गुरांच्या खुरांचे ठसे थेट टाकीच्या काठापर्यंत. बाकी सांगायला नकोच.

ट्रकवाला म्हणाला, "वरून पत्रा टाकू, सिमेंट फासू."

"फासाफाशी नको," सासूबाई म्हणाल्या. "दगडाचं काम आहे. ह्याला एकच माणूस लागतो." आणि एवढं म्हणून गप्प झाल्या, कारण तो एकच माणूस म्हणजे माझे चुलत सासरे. सासरेबुवांचे धाकटे भाऊ, गवंडी. आणि त्यांचा आणि सासूबाईंचा अबोला माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचा.

कारण ऐकाल तर हसाल. त्यांनी आमच्या अंगणाची भिंत बांधून दिली होती. ती गल्लीच्या बाजूला जरा झुकली. त्यांचे कामगार, दोन गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी उभे असताना सासूबाई म्हणाल्या, "भावोजी, ही भिंत बांधलीत की गल्लीत डोकावणारी शेजारीण?" सगळे खो खो हसले. विनोद गावभर झाला. गवंड्याची भिंत वाकडी म्हणणं म्हणजे गवयाला बेसूर म्हणण्यासारखंच. त्या दिवसापासून त्यांनी आमचा उंबरा सोडला. भाऊ-भाऊ सासरेबुवांच्या घड्याळाच्या दुकानात भेटत, पण घरी येणं नाही.

आम्ही दोघी तशाच, चिखलाच्या पायांनी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून थापी घासत होते.

"वहिनी? वाट चुकलात काय?"

"नाही. मुद्दाम आलेय. झऱ्याची टाकी फुटलीय. पोरं आजारी पडली. ती नीट बांधून पाहिजे, आणि तुम्हीच पाहिजे."

"का? गावात सरळ भिंती बांधणारे गवंडी नाहीत?"

मी मनात म्हटलं, झालं, आता ठिणगी पडली. पण सासूबाई शांत होत्या. "भिंत वाकडी होती, भावोजी. ते मी मागे घेणार नाही. पण ते चारचौघांत बोलले, ते चुकलं. घरात बसवून, हातात चहाचा कप देऊन सांगायला हवं होतं. तेवढं मागे घेते."

त्यांनी थापी पुन्हा घासायला घेतली. तेवढ्यात दारातून त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, "वाकडी होतीच ती. मी बांधताना सांगितलं होतं."

"तूसुद्धा?"

"मी पहिली."

काका आधी रागावायला निघाले, मग त्यांच्याच्याने ते जमेना. खांदे हलायला लागले आणि शेवटी ते इतके हसले की थापी हातातून पडली. "दोरी सैल होती हो त्या दिवशी," ते डोळे पुसत म्हणाले. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण तुम्ही बोलून गेलात, मग दुरुस्त कोण करणार?"

पुढच्या रविवारी काम निघालं. ट्रकवाल्याने झाड कापून हलवलं. टपालवाले काका अजून अशक्त होते, ते सावलीत बसून सूचना देत होते आणि कुणीही त्या ऐकत नव्हतं. माझ्या नवऱ्याने आणि मी टाकीतला गाळ उपसला. गवंडीकाकांनी खचलेली बाजू उतरवून दगडावर दगड नव्याने बसवला, वर नवी जाड फरशी टाकली आणि गुरं जवळ येऊ नयेत म्हणून भोवती कुंपण केलं. सासूबाई दगड उचलून देत होत्या. मध्येच त्यांनी एका दगडाकडे डोळा बारीक करून बघितलं.

"बोला," काका म्हणाले. "आता चारचौघं आहेतच."

"काही नाही. सरळ आहे."

"सरळ आहे म्हणजे?"

"म्हणजे उत्तम आहे! आता काय लिहून देऊ?"

दुपारी वळणावर एक रिक्षा थांबली आणि शिंपीणबाई उतरल्या, हातात सगळ्यांसाठी डबा. कुणाशी फार बोलल्या नाहीत. मुलगी बरोबर होती. ती सरळ सासूबाईंपाशी गेली आणि विचारू लागली की टाकीत मासे आहेत का. सासूबाईंनी तिला कडेवर घेऊन अजून पुरत्या न बसवलेल्या फरशीच्या फटीतून आतलं पाणी दाखवलं. शिंपीणबाई बघत होत्या. त्यांनी डबा उघडला आणि पहिला घास सासूबाईंच्या हातावर ठेवला.

आरोग्य खात्याच्या माणसाने येऊन टाकीत औषध टाकलं. एवढं करूनही पुढचा अहवाल पुन्हा खराब आला. काकांचं तोंड उतरलं. "म्हणजे माझं काम..."

"तुमचं काम चोख आहे," सासूबाई म्हणाल्या. "जुनी घाण एका दिवसात जात नाही. वाहू दे." आणि त्यांनी वाट बघितली. ह्या बाई वाट बघू शकतात हे मला तेव्हाच कळलं. पाणी वाहत राहिलं, पाइप एकदा बदलला, टाकी पुन्हा धुतली. त्यानंतरचा अहवाल स्वच्छ आला. आणि त्याच्या पुढचाही. तेव्हाच त्यांनी फलक उतरवू दिला, आणि पहिल्या दिवशी स्वतःशिवाय कुणालाही पाणी पिऊ दिलं नाही.

आता त्या दर ऋतूला पाणी तपासून घेतात. प्रयोगशाळेतली खिडकीवरची मुलगी लांबूनच त्यांना बघून बाटली काढून ठेवते. मागच्या महिन्यात मी बरोबर होते तेव्हा एक अनोळखी जोडपं गाडीतून उतरलं आणि विचारलं, "पाणी पिण्यासारखं आहे ना हो?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ह्या ऋतूत तपासलंय, चांगलं आलंय. पण मोठा पाऊस झाला तर पुढचे काही दिवस उकळून प्या. आणि वादळ झालं तर आधी आम्हाला विचारा."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"इथे जो कुणी भरत असेल त्याला. आता सगळ्यांना माहीत आहे."

सध्या तिथे नवंच प्रकरण चालू आहे. रस्त्यापासून पाइपापर्यंत जी घसरडी उतरण आहे, तिला दगडी पायऱ्या करायच्या असं काकांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, पायऱ्या नकोत, भरलेले कॅन घेऊन म्हाताऱ्या माणसांना पायऱ्या जड जातात, लांबचा सपाट उतार करा आणि बाजूला धरायला कठडा. दोघंही रोज संध्याकाळी आमच्या अंगणात बसून ह्यावर हमरीतुमरीवर येतात. काल काका तावातावाने उठून गेले आणि फाटकातून परत आले. म्हणाले, "कठडा करतो. पण लोखंडी नाही, दगडीच." सासूबाई म्हणाल्या, "बसा. चहा टाकते. मग बोलू."